डेझीचे सात थांबे

"मॅडम, डेझीला रस्त्यात काहीतरी दिसून राह्यलंय. घरापासून शाळेपर्यंत सात वेळा थांबती. काठीनं चाचपून बघितलं तर पुढं काहीच न्हाई."

राजाभाऊ सरांचा हा फोन वडीगोद्रीच्या एसटीडी बूथवरून आला, तेव्हा डेझी त्यांच्याकडे येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. त्या दिवशीही त्यांचा पहिला तास बुडाला होता. हेडमास्तर चांगला माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सर, घंटा कुत्र्यासाठी थांबत न्हाई. महिनाअखेरपर्यंत बघू. मंग मला वर कळवावंच लागेल."

सर गणित शिकवायचे. काचबिंदूनं चाळिशीच्या आत दोन्ही डोळे गेले. शिकवणं अडलं नव्हतं. मुलं फळ्यावर मांडायची, सर तोंडी सोडवायचे, आणि मुलांची चूक खडूच्या आवाजावरून पकडायचे. अडत होतं ते शाळेपर्यंत पोचणं. गल्लीत ते काठीनं फिरायचे, पण मधे हायवे. ट्रकचे हॉर्न सुरू झाले की ते कडेलाच उभे राहायचे. म्हणून वर्षभर पत्नी शोभाताई हाताला धरून नेत-आणत होत्या. त्यांचं शिलाई मशीन चादर टाकून कोपऱ्यात पडलं होतं. ही चादर त्यांना किती खुपत होती, हे त्या बोलायच्या नाहीत, पण मशीनवरची धूळ मात्र रोज पुसायच्या.

माझं काम मोबिलिटीचं. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना एकट्यानं हिंडायला शिकवायचं. जालन्याच्या आमच्या सेंटरवर काठीचं शिक्षण मी बरंच दिलं होतं. गाईड डॉग मात्र माझ्यासाठीही पहिलाच. परराज्यातल्या एका संस्थेनं ही पिवळसर लॅब्राडोर कुत्री दिली. सर आणि मी तिथं तीन आठवडे राहून शिकून आलो.

इथं एक गैरसमज काढून टाकते. कुत्रा माणसाला शाळेत 'नेत' नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. कुत्र्याच्या पाठीवर चामड्याचा पट्टा असतो आणि त्याला ताठ दांडी. हा हार्नेस. माणूस 'फॉरवर्ड' म्हणतो, कुत्रा खड्डे आणि माणसं चुकवत पुढं जातो. पुढं धोका असेल तर मात्र हुकूम मिळूनही तो हलत नाही. सगळ्यात अवघड शिक्षण हेच. आणि माणसाचं शिक्षण असं की कुत्रा थांबला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ओढायचं नाही.

सर तो धडा अगदी मन लावून शिकले होते. घोळ तिथंच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी वडीगोद्रीला उतरले. आमच्यात पद्धत अशी की शिकणाऱ्याच्या वीस पावलं मागून चालायचं आणि जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सर निघाले. तिसऱ्याच दाराशी डेझी थांबली. सरही थांबले, कान टवकारून, गंभीर चेहऱ्यानं. उंबऱ्यात एक बाई वाकल्या होत्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारलेल्या. त्यांनी गुपचूप अर्धी भाकरी डेझीपुढं धरली, तिच्या कपाळाला भंडारा लावला, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि आत गेल्या.

रविवार नव्हता, पण खंडोबाच्या कुत्र्याला वार कसला? पुढच्या पाच दारांत हेच. सरांनी पहिल्याच दिवशी गल्लीला हात जोडून सांगितलं होतं, हिला कुणी काही देऊ नका. गल्लीनं त्यातून एवढाच बोध घेतला की सरांना कळू द्यायचं नाही. मला आधी हसू आलं, मग संताप.

सातवा थांबा हायवेच्या पलीकडे होता. गयाबाईंची चहा-भज्यांची टपरी. गयाबाई साठीच्या, आवाज खणखणीत. डेझी दिसली तशी त्यांनी पलीकडूनच भाकरी उंच धरून हलवली. सरांनी अजून 'फॉरवर्ड' म्हटलं नव्हतं. डेझी निघाली.

मी ओरडले. पण त्याआधीच सरांनी ट्रकचा आवाज ऐकून सगळं अंग मागं टाकलं आणि ते रस्त्याच्या कडेला बसकण मारून पडले. दांडी हातात तशीच, त्यामुळं डेझीही मागं ओढली गेली. ट्रक गेला. सरांचं कोपर सोललं. गयाबाईंच्या हातातली भाकरी खाली पडली होती. डेझी तिच्याकडेच बघत होती.

घरी शोभाताईंनी कोपराला हळद लावली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तिला परत पाठवा. मी नेत जाईन यांना. मशीन काय, पडून राह्यलं तर राह्यलं."

मी काय पाहिलं ते सरांना सांगितलं.

"म्हंजे मी रोज सात जागी उभा राहायचो, धोका हाय म्हणून. अन् समदी गल्ली बघून राह्यली होती?"

"त्यांच्या मनात वाईट नव्हतं, सर."

"मला दिसत न्हाई ते ठीक हाय, मॅडम. पण मला दिसत न्हाई म्हणून करायचं, हे ठीक न्हाई."

कुत्रा परत करायचा फॉर्म माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढला आणि खरं सांगते, अर्धा भरलासुद्धा.

तेवढ्यात गयाबाई आल्या. टपरी तशीच टाकून. दारातच सरांपुढं हात जोडले, मग हात जोडलेले त्यांना दिसणार नाहीत हे लक्षात येऊन तोंडानं म्हणाल्या, "सर, चुकले मी. मुकं जनावर दारावरून उपाशी जाऊ नये, एवढंच डोक्यात. तुमच्या जिवाचं डोक्यातच न्हाई आलं."

डेझीच्या जेवणाची वेळ झाली होती. शोभाताई उठल्या, ताट भरलं, डेझीपुढं सारलं. गयाबाई बघत होत्या.

"शोभे, हिला रोज तूच वाढती?"

"मंग कोण वाढणार? सर शाळेतून दमून येतात. अन् कुत्र्याचं ताट काय त्यांनी धुवायचं?"

"अगं, मंग ती सरांचं का ऐकंल? माझी म्हैस सातबारा बघत न्हाई. पेंड कोण घालतं ते बघती."

मी फॉर्म मिटला. संस्थेतल्या माझ्या वहीत पहिल्याच पानावर, लाल शाईनं अधोरेखित करून लिहिलं होतं: पहिले महिने फक्त मालकाच्या हातून खाणं. या घरात मी दोनदा जेवले होते. शोभाताई सरांना वाढत होत्या, मला वाढत होत्या, डेझीला वाढत होत्या. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. आमच्याही घरी असंच चालतं. सरांना दिसत नव्हतं, पण आंधळेपणा माझा होता.

पुढचा बंदोबस्त गयाबाईंनी केला. भाकरी बंद करा असं सांगितलं तर गल्ली पुन्हा चोरून देणार, हे त्यांना माहीत होतं. त्या दारोदार जाऊन म्हणाल्या, "देवाला आपून जात न्हाई तवा नारळ दुसऱ्याच्या हातून धाडतोच ना? तशी भाकरी सरांच्या हातून जाऊ द्या. पुण्य बराबर तुमच्याच नावावर पडंल." सरांच्या ओट्यावर एक टोपलं ठेवलं. सकाळी भाकरी त्यात पडायची. अंबडच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, बिनमिठाची असेल तर थोडी चालेल. शाळेतून आल्यावर सर ती डेझीच्या जेवणात कुस्करून ताट आपल्या हातानं तिच्यापुढं ठेवायचे. उरलेली गावातल्या कुत्र्यांना, गल्लीच्या मागच्या बाजूला. त्यामुळं रस्त्यात भुंकणारी टोळीही तिकडं वळली. हे माझ्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हतं.

मी आठ दिवस तिथंच राहिले. रोज सकाळी सगळ्या बायका आपापल्या दारात पाठ फिरवून उभ्या राहायच्या. एक जण म्हणाली, "नवरदेवापुढंबी एवढं लाजले न्हवते." डेझी पहिल्या दिवशी प्रत्येक दारात थांबली. सरांनी खिशातून दाणाभर खाऊ काढायचा नाही, फक्त 'फॉरवर्ड' म्हणायचं आणि ती निघाली की मान थोपटायची. पाचव्या दिवशी ती एकाही दारात थांबली नाही. घरी ती आता शोभाताईंच्या नव्हे, सरांच्या पायाशी झोपायला लागली. सर शिकवणीची तयारी करताना तिच्यापुढं मोठ्यानं गणितं सोडवायचे. ती शांतपणे ऐकायची, वर्गापेक्षा बरीच.

आठव्या दिवशी हायवे. तोवर तो शोभाताईच पार करून देत होत्या. पलीकडे गयाबाई पाठ करून उभ्या. मी वीस पावलं मागं. सरांनी दोन्ही बाजूंचा कानोसा घेतला. सामसूम. "फॉरवर्ड."

डेझी हलली नाही.

सरांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. भाकरी की धोका, हाच प्रश्न त्यावर होता. त्यांनी पुन्हा हुकूम दिला असता तर मी समजू शकले असते. पण ते थांबले. आणि त्यांच्या समोरून, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतारावरून घरंगळत येणारी मोटारसायकल सूं करून निघून गेली.

सरांना फक्त वारा लागला. ते खाली वाकले आणि डेझीच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. मी रस्त्यात उभी राहून रडले, हे लपवत नाही. मग ते उठले. "फॉरवर्ड." ती निघाली. शाळेची घंटा झाली तेव्हा सर वर्गात हजर होते.

मशीनवरची चादर त्याच आठवड्यात निघाली. डेझीचं ताट सर स्वतः धुवायला लागले. शोभाताईंचं म्हणणं पडलं की एक ताट धुता येतं तर दोन का येऊ नयेत. त्यावर सरांनी अजून उत्तर शोधलेलं नाही.

त्यानंतर माझ्या हातून आणखी काही कुत्री घरोघरी गेली. आमच्या छापील फॉर्मवर खूप प्रश्न असतात: घराचा आकार, रस्ता, रहदारी. मी त्या सगळ्यांच्या वर पेननं एक लिहिते आणि आधी तोच विचारते: वाढतं कोण?