ज्वारीत टांगलेली गाणी

घरात कुणाला सांगायची हिंमत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, रविवारी सुदुंबऱ्याला येतोय. माझी गेमच्या गाण्यांची सीडी काढून ठेव, लेकीला ऐकवायचीय."

एका व्हिडिओ गेमचे सगळे भाग त्याने वेड्यासारखे खेळलेत. त्या सगळ्या भागांतली गायलेली गाणी एकत्र केलेला तो अल्बम. कंपनीतल्या जपानी साहेबांनी मायदेशी जाताना त्याला दिलेला. त्याची बदली झाली तेव्हा अल्बम माझ्याकडे ठेवून गेला.

कपाट उघडलं. कव्हर होतं, आत सीडी नव्हती.

गेल्या महिन्यात शेजारच्या आबांनी ज्वारीवरची पाखरं हाकलायला जुन्या सीड्या मागितल्या होत्या. "आता कोण ऐकतंय!" म्हणत मी न बघता सगळ्या काढून दिल्या.

तशीच शेतात पळाले. बांधावरच्या काठीला ती दोरीने लटकत होती. वाऱ्याने आपटून आपटून नुसते चरे पडलेले.

"ऱ्हाऊ दे की, पाखरं लय बिचकत्यात तिला," आबा म्हणाले.

घरी आणून धुतली, पुसली, जुन्या प्लेअरवर लावली. एकही गाणं वाजलं नाही.

जुनी होऊन आपोआप खराब झाली, असं सांगायचं ठरवलं. तेवढ्यात त्याचा मेसेज आला. "माझ्याकडे असती तर कधीच हरवली असती. तुझ्याकडे होती म्हणून टिकली."

मी त्यावर अंगठा पाठवला.

खरं सांगा, असा अंगठा तुम्ही कधी कुणाला पाठवलाय?