उलटी केलेली पट्टी

आज सहज प्लायवूडवर पट्टी ठेवून रेघ मारली. मग पट्टी उलटी केली आणि त्याच दोन टोकांमधून पुन्हा मारली. दोन्ही रेघा एकावर एक यायला हव्या होत्या. मधोमध नखाएवढी फट राहिली, म्हणजे पट्टीच वाकलेली.

ही ॲल्युमिनियमची पट्टी दादाने स्वतःला नवी घेतल्यावर मला दिलेली. फळीवर ती क्लॅम्पने आवळायची आणि करवत तिला टेकवून चालवायची. करवत बिचारी जिला टेकवू तिच्यामागे जाते. माझंही काही वेगळं नव्हतं. माझ्या कपाटांची दारं कधी नीट मिटलीच नाहीत. दादा दारांमधल्या फटीवरून बोट फिरवून म्हणायचा, "तुझा हात हलतो रे." मी पुढच्या वेळी पट्टी आणखी घट्ट आवळायचो.

त्याला फोन केला.

"पडली होती ती माझ्या हातून," तो म्हणाला. "तुझी घरचीच कामं. म्हटलं, चालेल."

"मग माझा हात हलतो, असं का म्हणायचास?"



कुठलीही पट्टी वापरण्याआधी उलटी करून बघायची, हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्याने दिलेली म्हणून ही तेवढी बघितली नव्हती.