उतरणारा काटा

तात्या निवृत्त कारकून. त्यांचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. घरातले सगळे नळ बंद असतानाही प्रेशर टाकीवरचा दाबाचा काटा खाली यायचा आणि विहिरीवरचा पंप आपोआप सुरू व्हायचा. तात्यांना संशय आला तो वरच्या मजल्यावरच्या भावजयीचा.

"ही गुपचूप पाणी ओढतेय," ते बायकोला म्हणाले. भावजयीशी त्यांनी बोलणंच टाकलं. एके सकाळी वर जाणाऱ्या पाइपचा कॉक बंद केला आणि स्टूल घेऊन काट्यासमोर बसले. काटा उतरतच राहिला. स्वतःच्या घराचाही कॉक बंद केला, तरी तेच.

शेवटी प्लंबर आला. पाणी मागे जाऊ न देणारा पंपाजवळचा वॉल्व्ह त्याने उघडला. आतलं रबर पार झिजलं होतं.

"कोणी पाणी घेत नाही, तात्या. ते परत विहिरीत जातंय."

तात्या वर गेले. भावजय रिकाम्या बादल्यांपाशी उभी होती.

"सकाळपासून पाणी नाही. तुम्हीच बंद केलंत ना, भावोजी?"

"हो," तात्या म्हणाले. का, ते सांगायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.