चारच्या जागी दोन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, विहारातल्या बायकांना नाही, अण्णाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाहीये.

अण्णा माझा थोरला भाऊ. तारिहाळच्या कारखान्यात लेथ मशीनवर असतो, वीस वर्षं सिगरेट ओढतोय. उणकलच्या घरात आम्ही तिघं — तो, वहिनी आणि मी. मी सप्तापूरला शाळेत शिकवते, आणि रविवारी विहारात वंदना मीच घेते. लोक मला मानतात. हे सांगायला हवं, कारण घोळ तिथूनच सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वी त्यानं सिगरेट सोडायचं मनावर घेतलं. कारखान्यातला एकजण ती बंदी असलेली वाफेची सिगरेट चोरून आणून देणार होता; तिच्यात निकोटिन किती, ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, असलं काही नको, रीतसर डॉक्टरांकडे चल. त्यांनी निकोटिनची चघळायची गोळी दिली, चार मिलिग्रॅमची. तीन महिने हीच घ्या, आपल्या मनानं कमी करू नका, असं बजावलं. गोळ्या आणायचं काम माझं. पाकिटातून सोडवून मी त्या अण्णाच्या स्टीलच्या डबीत भरून ठेवायची. दीड महिना झाला — एकही सिगरेट नाही. वहिनी घरभर हसत फिरायची.

मग विहारात एक बाई म्हणाली, त्या गोळीत पण तेच की हो, एक सोडलं नि दुसरं धरलं, नशा न करण्याचं पाचवं शील कुठं पाळलं? चेष्टेतच म्हणाली. मला मात्र झोंबलं. बुद्धपौर्णिमेला अण्णा सगळ्यांसमोर उभा राहून व्यसन सुटल्याचं सांगणार होता — आणि खिशात ती डबी? माझ्या भावाच्या?

मी चारच्या जागी दोनच्या गोळ्या भरल्या. दिसायला सारख्याच. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं डॉक्टरांना विचारलं असतं — म्हणून तर सांगितलं नाही. मला वाटायचं, मनाचेच खेळ सगळे. मी कधी एक झुरका तरी ओढला होता का?

आठ दिवसांत त्याचे हात थरथरायला लागले. जन्मात आवाज न चढवलेल्या माणसानं वहिनीसमोर ताट भिरकावलं. मला विचारायचा, तंगी — धाकट्या बहिणीला तो कानडीत अशीच हाक मारतो — ह्या खेपेच्या गोळ्या लागू पडेनात का गं? मी म्हणायची, तुझं मनच थाऱ्यावर नाही. दहाव्या दिवशी त्यानं सिगरेट पेटवली.

तेव्हा तरी सांगायचं ना? उलट पौर्णिमेला, तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेला असताना, मी मनोनिग्रहावर बोलले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्यानंतर तो विहारात आला नाही. आपल्यात दमच नाही, असं तो आता कुणालाही सांगतो, अगदी सहज.

मागच्या महिन्यात खोकला थांबेना म्हणून त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सिगरेट सुटलीच पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि चघळायची गोळी लिहायला घेतली. अण्णा म्हणाला, चारची घेऊन झाली मॅडम, मीच कच्चा. त्या माझ्याकडे वळल्या — चारचीच घेत होते ना, रोज?

एका शब्दाचं काम होतं. अण्णा शेजारीच बसला होता, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

मी हो म्हटलं. बाईंनी लिहिलेली ओळ खोडली. माझा चेहरा बघून अण्णानं माझ्या हातावर हात ठेवला — इर्ली बिडु, म्हणाला, असू दे, तू तुझ्याकडून सगळं केलंस.