आडनावानंतरचा प्रश्न

धर्मराज मेश्राम अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका औषध कंपनीत तपासणीचं काम करतात. गोळ्यांची बॅच जरा शंकास्पद वाटली की ते ती अडवून धरतात, मग वरचे साहेब कितीही आदळआपट करोत. नोकरीत असा खमका असलेला हा माणूस बाहेर मात्र कमालीचा भिडस्त. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून नावडती भाजीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेणारा. 'सोबत' या संस्थेचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं ते या भिडस्तपणामुळेच, असं त्यांची बायको राधा म्हणते. माझंही तेच मत आहे.

'सोबत' म्हणजे अडचणीत सापडलेल्या मराठी माणसासाठी एक फोन नंबर, आणि तो नंबर सांभाळायला दातांच्या दवाखान्यामागे भाड्याने घेतलेली एक खोली. भिंतीवर फ्रेम करून संस्थेची व्हिजन लावलेली: 'इथे आलेलं कुणीही एकटं राहणार नाही.' टीममधल्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ होतं. देवापुढची आरतीही आपल्याला तोंडपाठ असते; अर्थ कोण विचारतो! तर तो अर्थ विचारायचाच, असं ठरवून धर्मराजांनी त्या शनिवारी सगळ्यांना बोलावलं होतं. संस्थेला येणारे फोन हल्ली कमी झाले होते, आणि येत ते मधेच बंद होत. ते का बंद होतात हे धर्मराजांना केव्हापासून ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवायचं म्हटलं की ते दुसराच विषय काढायचे.

आदल्या दिवशी बर्फाळ पाऊस झाला होता. झाडं तारांवर कोसळून अर्ध्या गावाची वीज गेली होती. दवाखान्याच्या बाजूची मात्र शाबूत होती. मीटिंग सुरू होते न होते तोच फोन वाजला. ड्यूटी नंदाताईंची होती. गेल्या वर्षी एका बाळंतिणीला महिनाभर डबा पोचवणारी बाई ही, मनाने सोन्यासारखी. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"हॅलो, मी पायल. इथे मास्टर्स करतेय. कालपासून माझ्या अपार्टमेंटची पॉवर गेलीय. मला अस्थमा आहे आणि नेब्युलायझर चालत नाहीये. रूममेट्स इंडियाला गेल्यात." मुलगी दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत होती.

"अगं बाई! अजिबात घाबरू नकोस हं. मूळची कुठली तू?"

"भंडाऱ्याची."

"अरे वा! पूर्ण नाव काय गं?"

"पायल."

"हो, पण आडनाव?"

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "इट्स ओके काकू. मी मॅनेज करते."

"कट झाला वाटतं," संस्थेचे सेक्रेटरी विनय साने म्हणाले. त्यांनी परत फोन लावला. दोनदा वाजून वाजून बंद झाला.

"कट झाला नाही. तिने केला," धर्मराज म्हणाले. "तिला आडनाव सांगायचं नव्हतं."

नंदाताईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी सगळ्यांनाच विचारते! ओळख निघाली की माणूस मोकळं बोलतं. आणि आपल्यात असलं काही नाही हं, धर्मराज. तुम्हीच तर आमचे अध्यक्ष!"

हेच वाक्य कधीतरी ऐकावं लागणार म्हणून धर्मराज इतके दिवस गप्प होते. आज ते ऐकून त्यांना भीती वाटली नाही, संताप आला.

"नंदाताई, दिवाळीच्या कार्यक्रमात आपण पहिल्यांदा भेटलो. तुम्ही विनयना आडनाव विचारलंत. साने म्हटल्यावर, कुठले साने, पुण्याचे का, आमच्या आत्याच्या शेजारी कुणी साने होते, असं जेवण होईपर्यंत चाललं. मग मला विचारलंत. मी म्हटलं, मेश्राम. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात. पुढचा प्रश्नच आला नाही."

नंदाताईंना ते आठवलं होतं.

"हे आत्ता नको, यार," विनय घाईघाईने म्हणाले. "आधी त्या मुलीचं बघू. धर्मराज, तुम्ही तुमच्या फोनवरून करा. नाव सांगा, ती येईल."

ती येईल हे खरंच होतं, आणि म्हणूनच ते बोलणं झोंबलं. पण तिकडे मुलीला दम लागत होता. मानापमानाची ही वेळ नव्हती. तिने उचलला नाही तेव्हा धर्मराजांनी निरोप ठेवला, "जय भीम बेटा, मी धर्मराज मेश्राम बोलतोय." पत्ता लगेच आला.

निसरड्या रस्त्यावरून ते तिला घेऊन आले. दम वाढलाच तर सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे त्यांनी तिला निघतानाच बजावलं होतं. दवाखान्यामागे गाडी थांबली तेव्हा पायलची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"काका, फोनवर होत्या त्या काकू आत आहेत?"

"आहेत."

"मग मी नाही येत. तुमच्या घरी जाऊ या ना."

घर अजून अर्ध्या तासावर, आणि वाटेत झाडं पडलेली. आतली माणसं चांगली आहेत, एवढं धर्मराजांना म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं, तरी त्यांच्या तोंडून निघेना. गाडी लॉक करून ते एकटेच आत गेले.

"आली? शाब्बास!" विनय उठून म्हणाले. "झालं बघा काम!"

"नाही झालं. ती मेश्रामकडे आलीय. 'सोबत'कडे अजून कुणी आलेलं नाही. ती गाडीत बसलीय, आत यायला तयार नाही, आणि तिला प्लगची गरज आहे."

मग नंदाताई उठल्या आणि कोट न घालताच बाहेर गेल्या. धर्मराज मागोमाग धावले.

नंदाताई काचेशी वाकल्या. "पायल, मी नंदा. मगाशी मी विचारलं ते चुकलं माझं. आत ऊब आहे, प्लग आहे. मी समोर नको असेन तर मी बाहेर थांबते."

पायलने मान वर केली नाही. गाडीची किल्ली धर्मराजांच्या खिशात होती. बटणावर अंगठा ठेवून ते उभे राहिले. दाबलं असतं तर दार उघडलं असतं. पण ते उघडायचं की नाही हे पायलने ठरवायचं होतं. नंदाताई थंडीने कुडकुडत होत्या, आणि आतला तो श्वास बाहेर ऐकू येत नव्हता, याचीच धर्मराजांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

शेवटी आतून खट् आवाज झाला. पायल खाली उतरली. नंदाताईंनी आधाराला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. नेब्युलायझरची पिशवी मात्र त्या हातात दिली आणि खोलीकडे चालू लागली.