वासावरून तेल ओळखणारे मिस्त्री

९ जानेवारी. जीपच्या पुढच्या चाकांची हवा, स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचा पट्टा आणि स्टिअरिंगचं तेल तपासायचं. क्रम हाच. चाकात हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं आणि लोक उगाच पंप बदलतात, हे ज्यांनी मला शिकवलं ते मिस्त्री परवा गेले.

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. हत्याराला हात लावण्याआधी ते तेलाच्या टाकीत बोट बुडवत, चोळत, नाकाशी नेत आणि डोळे मिटत. मग निकाल लागे. "जळलं. पंप गेला." किंवा, "तेल बराबर हाये. हवा शिरली आत." गिऱ्हाइकानं हुज्जत घातली, तर म्हणत, "गाडी खोटं नाही बोलत. डायव्हर बोलते."

कळमन्याच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती, मागे दोन खोल्यांचं घर. डावीकडे एका वेल्डरची शेड, मधे एकच भिंत. माझं काम बियाण्याचं. रामटेककडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत, भाताच्या खाचरांपर्यंत, जायला ही जुनी जीपच लागते, आणि ती मी त्यांच्याशिवाय कोणाकडे नेली नाही.

तेलात शिरलेली हवा काढायची, तर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहावं लागतं. हे काम ते मलाच लावत.

"फिरवा ताई. पोळ्या लाटता तेवढाच जोर लागते."

"मी पोळ्या लाटत नाही."

"म्हणूनच थकून राहिल्या."

टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत ते वाकून बघत आणि मला उतरू देत नसत.

तेलं त्यांच्याकडे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत असत. स्टिअरिंगचं पिवळट, ब्रेकचंही पिवळट. कोणत्याच बाटलीवर नाव नाही. चिठ्ठी लावा म्हटलं की त्यांना राग येई. "वाचून तेल टाकणारा मिस्त्री नोको मले सांगू."

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांनी माझ्या जीपचं तेल बदललं. महिनाभरात रामटेकच्या अलीकडे, कालव्याकाठच्या वळणावर, स्टिअरिंग एकदम दगड झालं. मी दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी बांधाला टेकवली. खाली तेलाचं थारोळं. जीप दुसऱ्या गाडीला बांधून कळमन्याला आणली.

त्यांनी स्टिअरिंगचा डबा उघडला. आतली रबरी सीलं फुगून लिबलिबीत झाली होती. ती तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. स्टिअरिंगच्या तेलानं रबर असं होत नाही. ब्रेकचं तेल पडलं तरच होतं. आणि तेल त्यांच्याशिवाय कोणी टाकलेलं नव्हतं.

त्यांनी फळीवरची बाटली उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली. मग ती माझ्यापुढे धरली. "ताई, तुम्ही पाहा बरं."

वास उग्र होता. "ब्रेकचं आहे," मी म्हटलं. "तुम्हाला येत नाही?"

"मांगं मोठा ताप आला होता, त्या तापापासून नाही येत." मग हळूच म्हणाले, "घरीबी नाही सांगितलं. भाजी करपली तरी मी चांगली म्हणतो."

बोटं तर घट्ट्यांनी आधीच बधिर झालेली. म्हणजे कित्येक दिवस ते टाकीत बोट बुडवत, डोळे मिटत आणि अंदाजानं निकाल देत होते.

"कोणाले सांगू नका, ताई. वास गेला म्हटलं, तर माह्याजवळ गाडी कोण आणते?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "बाटल्यांवर नावं लिहा. आज." त्यांनी मान हलवली. माझ्या जीपला नवी सीलं त्यांनी दोन दिवस खपून बसवली. काम चोख होतं. हात अजून त्यांचेच होते.

तीन आठवड्यांनी मी मुद्दाम गेले. फळीवर त्याच बाटल्या, नाव एकीवरही नाही. समोर फळांच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता, ब्रेकच्या कामाला आलेला. स्टिअरिंगमध्ये ब्रेकचं तेल गेलं, तर मी बांधाला टेकते. ब्रेकमध्ये स्टिअरिंगचं गेलं, तर माणूस मरतो. मी मंडईत त्या व्यापाऱ्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं टेम्पो त्याच दिवशी नेला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दिवाळीपासून शेडसमोर माझी जीप तेवढी उभी राहायची, आणि होळीला शेड बंद झाली.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घरी गेले की ते खाटेवर बसलेले असत. "स्टिअरिंग कसं हाये?" एवढंच विचारत. हात मांडीवर पालथे ठेवलेले, नखं स्वच्छ. त्या स्वच्छ नखांकडे मला बघवत नसे.

परवा मी गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वेल्डर हार घेऊन आला. मिस्त्रींची बायको दारातच त्याला आडवी आली.

"तू नोको येऊ. भिंतीले कान लावून आयकलं अन् गावभर केलं. तुह्याच तोंडानं धंदा बुडाला."

"वहिनी, मी नाही वो कोणाले…"

"जाय."

वेल्डर हार स्वतःच्या सायकलीच्या हँडलला अडकवून निघून गेला. मी चार पावलांवर होते. मी बोलले नाही.

आज हवा भरली, पट्टा ताणला, तेल पाहिलं. सगळं ठीक होतं.

१० जानेवारी. सकाळी त्यांच्या घरी गेले. बायको एकटी पायरीवर बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, "वेल्डरनं कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं."



"त्यायले मालूम होतं?"

"मी सांगितलं नव्हतं."

"मंग आता काहून सांगून राहिल्या?"

"तुम्ही त्याला दारातून परत पाठवलं म्हणून."

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मी शेजारच्या शेडमध्ये गेले. वेल्डर काम करत होता. त्यानं हातातलं थांबवून तोंडावरची काच वर करेपर्यंत मी वाट पाहिली आणि तेच त्यालाही सांगितलं.