जावयाचा पगार

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं फिरतं, कारण त्या दिवशी बँकेत नुकताच रंग लावला होता आणि आम्ही तिघं दुपारपर्यंत तो वास घेत बसलो होतो. भांडुपच्या टेकडीवर आमची खोली, खाली यायला नुसत्या पायऱ्या, आणि बायकोचे गुडघे गेलेले. तिला लिफ्टवालं घर हवं होतं, बाकी काही नाही. मी रिटायर, म्हणून कर्ज पोरीच्या नावावर काढायचं ठरलं. ती पीएचडी करत होती, सरकारची फेलोशिप यायची, त्यावरच आमचं घर चालायचं. साहेब म्हणाला, "काका, फेलोशिप म्हणजे पगार नाही. शिक्षण संपलं की बंद." मी म्हटलं, "मग तुमची नोकरी काय जन्मभराची आहे?" पोरीनं माझा हात दाबला. साहेब हसला. "चिडू नका हो. हिचं लग्न उरका, जावयाचा पगार दाखवा, लगेच करून देतो." बायको उठली. "घरासाठी न्हवरो करूचो? चल गो बाय," म्हणाली आणि पोरीला घेऊन बाहेर पडली. टेकडी चढताना ती सारखी टेकत होती, पण साहेबाला शिव्या घालायला तिचा दम पुरत होता. गेल्या गणपतीआधी ती गेली. चौघांनी तिला त्याच पायऱ्यांवरून खाली नेलं. आता पोरगी कॉलेजात शिकवते, आणि कर्ज घ्या म्हणून बँकांचे फोन येतात. मी विचारतो, "कोणासाठी घेऊ?" तिकडची बाई गोड आवाजात म्हणते, "सर, फॅमिलीसाठी."